राहीबाईची दुपार

म्हसवडपासून पूर्वेला दोन कोसांवर धनगरांची वीस-बावीस घरं आहेत. त्यातलं नाथाजीचं कुठलं, हे नव्या माणसाला विचारावं लागत नसे. वस्तीच्या तोंडाशी उभं राहून थोडा वेळ कान द्यायचा. जिकडनं काहीतरी आपटल्याचा आवाज येईल ते घर. तांब्या आपटला तर नाथाजी, परात आपटली तर त्याची बायको राहीबाई, आणि काहीच न आपटता नुसता तोंडाचा पट्टा चालू असला तर नाथाजीची आई सुलाबाई, एवढं वस्तीवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

नाथाजी वाईट माणूस नव्हता, असं त्याच्या घराबाहेरचे सगळे सांगत. उंच, हाडापेरानं मोठा, मेंढरांवर जीव टाकणारा. पायात काटा मोडलेलं कोकरू खांद्यावर घेऊन चार कोस चालेल, आणि घरी आल्यावर पाणी द्यायला उशीर झाला म्हणून बायकोच्या पाठीत काठी घालेल. मेंढरं आणि बायको दोघांना काठी एकच होती. फरक एवढाच, की मेंढरांना ती नुसती दाखवून भागे.

राहीबाई तिशीची, काटकुळी, चालताना पुढं झुकून चालणारी. तीही मुकाट मार खाणाऱ्यातली नव्हती. चार खाल्ल्या तर एक परत करी, आणि तिची ती एक बहुतेक वेळा वर्मी लागे. सासू मधे पडे ती सोडवायला नाही, तर राहिलेलं बोलायला. मारामारी संपली की राहीबाई पदरानं तोंड पुसून अर्धं राहिलेलं दळण पुरं करी. दळण, पाणी, सरपण, शेण, चूल, तीन पोरं, शेळ्या, आजारी कोकरं आणि ठणठणीत सासू, एवढं सगळं एका दिवसात बसवायचं म्हटल्यावर रडायला वेळ कुठला काढणार? राहीबाईला रिकामी बसलेली कुणी पाहिली नव्हती. पोर पाजायला बसली तरी मोकळ्या हातानं लोकर विंचरत असायची.

पुढं जे सांगायचं आहे त्यात हाणामारी पुष्कळ आहे. ती सगळी झाली एका तासासाठी. तो तास राहीबाईला आधी सरकारनं दिला, मग तिनं तो सोडला नाही.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. आदल्या सालीही तो नुसता तोंड दाखवून गेला होता. नाथाजीची निम्मी मेंढरं चाऱ्यावाचून मेली. उरलेली त्याचा चुलतभाऊ ज्योतिबा आपल्या कळपात घालून खाली कृष्णाकाठाला घेऊन गेला. आणि सगळी वस्ती, बायाबापे मिळून, दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. पुरुषांनी खाणीतनं दगड काढायचे, बायकांनी ढिगापाशी बसून हातोड्यानं त्यांची खडी करायची.

तिथला मुकादम तात्याबा पाटणकडचा होता. कोयनेच्या खोऱ्यात वर्षातले चार महिने ओला राहणारा हा माणूस, माणच्या माळावर टोपीखाली भिजवलेला पंचा घालून फिरे, आणि आपल्याला कुणीतरी फसवून इथं धाडलंय अशा नजरेनं आभाळाकडं बघे. त्याच्या गळ्यात काळ्या दोरीला एक शिट्टी होती. ती गळ्यात पडल्यापासून तात्याबाच सरकार झाला होता.

पहिल्या दिवशी बाराला शिट्टी झाली. बायकांनी हातोडे टाकले आणि भाकरी सोडल्या. राहीबाईनं मिलोची, म्हणजे सरकारनं आणलेल्या परदेशी जोंधळ्याची, तांबडी भाकरी चार घासांत गिळली, वर पाणी प्याली आणि पुन्हा ठोकायला लागली. तात्याबा तरातरा आला. शिट्टी ऐकली नाहीस का म्हणून त्यानं विचारलं. ऐकली, म्हणाली. मग बस की, म्हणाला.

"बसून काय करू?" राहीबाईनं विचारलं.

ह्याचं उत्तर तात्याबाच्या कागदात नव्हतं. त्यानं तिच्या हातातला हातोडा काढून स्वतःच्या बगलेत मारला आणि सांगितलं, "काय करू नगंस. एक वाजंस्तवर काय बी करायचं न्हाई. नियम हाय."

राहीबाई बसली. हात मांडीवर ठेवले तर ते मान मुरगाळलेल्या कोंबडीसारखे उडत होते. तिनं एक हात दुसऱ्यानं दाबून धरला. 'गप बैस' असं तिला जन्मात हजारदा सांगितलं गेलं होतं, पण सांगणाऱ्याला त्यातलं गप तेवढंच हवं असे. खरोखर बसायला सांगणारा हा पहिलाच माणूस भेटला, तोही परक्या तालुक्यातला.

चार-आठ दिवसांत तिला त्या तासाची चटक लागली. बाकीच्या बाया एकमेकींच्या डोक्यातल्या उवा काढत, सासवांना शिव्या देत. राहीबाई ढिगाच्या पलीकडच्या अंगाला जाई आणि सगळ्यांकडं पाठ करून बसे. समोर मोकळा माळ आणि एक वाळलेली बोर. लहानपणी आपण डाव्या हातानं दगड मारायचो, हे तिला तिथं बसल्यावर आठवलं. लग्न होऊन आली तेव्हा ती डाव्या हातानं पीठ मळे. सासूनं त्या हातावर चुलीतलं जळतं लाकूड टेकवून महिन्याभरात उजवा सुधारला होता. मनगटावर अजून वण होता. राहीबाईनं एक खडा डाव्या हातात घेतला आणि बोरीच्या बुंध्यावर मारला. लागला. दुसरा मारला, तोही लागला. तास कसा गेला कळलं नाही. बाहेरच्या माणसानं पाहिलं असतं तर बाई खुळी झाली म्हणाला असता.

पंधरवड्यानं नाथाजी खाणीतनं वर आला. अंगावर दगडाची पांढरी भुकटी, मानेवर सूर्य. पाण्याची घागर त्याच्या उजव्या कोपरापाशी होती आणि बायको दहा पावलांवर. त्यानं बायकोला हाक मारून पाणी मागितलं.

"सुट्टी हाय," राहीबाई म्हणाली. मान वळवली नाही.

आसपासच्या चाळीस-पन्नास माणसांनी हे ऐकलं. नाथाजीला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा मागितलं. ती तेच म्हणाली. मग तो गेला आणि कानशिलात अशी दिली की ती ढिगावर आडवी झाली. आडवी झाली तिथंच डाव्या हाताला एक धारेचा दगड लागला. तो सुटला आणि नाथाजीच्या नडगीवर मधोमध बसला. नडगी फुटल्यावर माणूस कितीही उंच असो, खालीच येतो. नाथाजी खाली आला, पण येताना बायकोची वेणी धरूनच आला. तिला त्यानं खडीवरनं फरफटत नेलं. तिचे दोन्ही गुडघे सोलून निघाले. तिनं त्याच्या दंडाचा लचका तोडला. बायका ओरडत होत्या, पुरुष विडी पेटवून बघत होते.

तात्याबाला सोडवायला जायचं धाडस नव्हतं. त्यानं जिवाच्या करारानं शिट्टी फुंकली. आणि गंमत अशी, की दोघंही थांबली. पंधरा दिवसांत शिट्टी अंगात मुरली होती. नाथाजीच्या मुठीत वेणी तशीच आणि राहीबाईच्या दातांत दंड तसाच, अशी दोघंही मुकादमाकडं बघत राहिली.

"सुट्टीत मारामारी करायची न्हाई," तात्याबा लांबूनच म्हणाला. "घरी जाऊन करा."

घरी जाऊन केली. सुलाबाईनं त्यात आपला वाटा उचलला. तिचं म्हणणं असं, की तीन लेकरांची आई भर माळावर नवऱ्याला पाणी नाकारते म्हणजे हिच्यावर कुणीतरी काहीतरी टाकलंय. ते उतरवायला तिनं सुनेला मिरच्यांच्या धुरावर धरलं. राहीबाईचे डोळे तीन दिवस उघडले नाहीत. चौथ्या दिवशी उघडले, तेव्हा ती बाराच्या शिट्टीला ढिगामागं गेली, तर तिथं लीलाबाई नावाची एक धिप्पाड बाई पाय पसरून घोरत होती. राहीबाईनं तिला दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा उपटली. त्या दिवशी लीलाबाईचे मूठभर केस राहीबाईच्या हातात राहिले आणि राहीबाईच्या खांद्यावर लीलाबाईच्या दातांची महिरप उठली. पण जागा सुटली नाही.

पुढच्या सालात पाऊस झाला, दुष्काळी काम बंद झालं, तात्याबा शिट्टीसकट पाटणला गेला. खडीचे ढीग कुठल्याच रस्त्यावर न जाता माळावर तसेच राहिले. आता राहीबाईनं तो तास घरी काढायचा ठरवलं. सूर्य डोक्यावर आला की हातातलं काम असेल तिथं ठेवायची आणि घरामागं जाऊन बसायची. चुलीवरचं उतू जाई, दावणीचं वासरू सुटे, सुलाबाई सात पिढ्यांचा उद्धार करी. नाथाजीनं आधी बुक्क्या घातल्या, मग जू बांधायच्या दोरानं झोडपलं. दोराचे वळ पाठीवर घेऊन ती बसायची. सगळा तास काही मिळत नसे. कधी अर्धा मिळे, कधी चिलीम ओढण्याइतका. पण रोज उठून ती पुन्हा मागे, आणि रोज मार खाई. हे कशापायी चाललंय, असं नाथाजीनं एकदा हात दुखायला लागल्यावर विचारलंही. "माझं मला पायजे," एवढंच म्हणाली. काय पाहिजे ते नाथाजीला कळेना, कारण घरातली एकही वस्तू ती मागत नव्हती.

दिवाळी झाली. ज्योतिबानं मेंढरं परत आणली होती. कळप पुन्हा सत्तर-ऐंशीचा झाला होता. रिवाजाप्रमाणं मेंढरं घेऊन खाली जायची वेळ आली. दोन थोरली पोरं सुलाबाईपाशी ठेवली. नाथाजी, राहीबाई, तिचं दोन वर्षांचं धाकटं, ज्योतिबा आणि त्याची बायको रंगूबाई एवढी माणसं दोन घोड्यांवर संसार लादून निघाली.

ह्या चालीत पुरुषांचं काम मेंढरामागं जायचं. सकाळी कळप घेऊन जात, दिवस मावळताना परत येत. बायकांचं काम बाकीचं सगळं. तळ मोडायचा, घोडी लादायची, पुढच्या मुक्कामाला पोचायचं, घोडी उतरवायची, चूल मांडायची, पाणी शोधायचं, रात्री मेंढरं कोंडायला मेखा ठोकून वाघर, म्हणजे दोराची जाळी, उभी करायची. हे रोज. संध्याकाळी नाथाजी आला की काठी टेकून धपकन बसे आणि म्हणे, "सकाळधरनं बूड टेकलं न्हाई." राहीबाई त्याच्यापुढं भाकरी ठेवी. तेवढं एक तिला त्याचं खरं वाटे. उन्हातान्हात फिरतो, थकत असेल.

विटा, तासगाव करत ती सांगलीच्या अंगाला आली. विश्रामबागेच्या पलीकडं लालासाहेब नावाच्या बागायतदाराच्या तोडलेल्या उसाच्या रानात तळ पडला. लालासाहेब पलटणीतनं सुभेदार होऊन आलेला. मेंढरं रानात बसवली की लेंड्यामुतानं रान सुधारतं, म्हणून तो आठ दिवस ठेवून घेणार होता. म्हणजे आठ दिवस तळ हलणार नव्हता. राहीबाईनं पहिल्याच दिवशी बांधावरची एक बाभळ हेरून ठेवली.

तिसऱ्या दिवशी ती तिथं बसली होती. धाकटं झोपलं होतं. रंगूबाई पाण्याला गेली होती. तेवढ्यात नाथाजी अवेळी आला. खांद्यावर एक कोकरू, त्याचा मागचा पाय खुरप्यानं कापल्यासारखा लोंबत होता. हळद दे, चिंधी दे, दूध तापव, असं तो लांबूनच ओरडत आला. चुलीत विस्तव नव्हता आणि बायको बाभळीखाली पाठमोरी.

"ऊन कललं की उठते," राहीबाई म्हणाली.

खरं सांगायचं तर कोकरू तिनं पाहिलंच नव्हतं. पाहिलं असतं तर उठली असती. पण नाथाजीनं ते दाखवायच्या आधीच काठी घातली. पहिली पाठीत, दुसरी मानेवर. तिसऱ्या काठीला ती वळली तेव्हा हाताशी वाघरीच्या मेखा ठोकायची बाभळीची मोगरी होती. नाथाजीचा हात वर गेला होता. मोगरी त्याच्या मनगटाच्या वर चार बोटं बसली. ऊस गुडघ्यावर मोडावा तसा आवाज झाला.

नाथाजीनं आपल्या हाताकडं पाहिलं. मनगटाच्या वर जिथं वाकायला नको तिथं हात वाकला होता. मग तो खाली बसला आणि ओकला.

राहीबाईनं आधी कोकराला बांधलं, मग नवऱ्याला. लालासाहेबानं ट्रॅक्टर जोडून दोघांना सांगलीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं विचारलं, काय झालं. नाथाजीनं सांगितलं, घोड्यानं लाथ मारली. डॉक्टरनं हात उलटासुलटा करून पाहिला, दारात उभ्या असलेल्या राहीबाईच्या मानेवरचा वळ पाहिला, आणि घोडं नेम धरून मारणारं दिसतंय, एवढं म्हणून प्लॅस्टर घातलं. सहा आठवडे हात हलवायचा नाही. लालासाहेब येताना म्हणाला, "नाथाजी, असलं घोडं पलटणीत पायजे होतं."

आता राहीबाईच्या ध्यानात आलं की आपण काय करून ठेवलंय. मेंढरामागं जायला ज्योतिबा एकटा. दोघांची मिळून दीड-दोनशे मेंढरं, दोन्ही बाजूंनी लोकांचा उभा ऊस. दुसरा माणूस पाहिजेच. म्हणजे नवऱ्याचा हात मोडून तिनं नवऱ्याचं कामही आपल्याच गळ्यात घेतलं होतं. पहाटे उठून भाकरी, धाकट्याचं, नवऱ्याचं, आणि दिवसभर मेंढरामागं. तास तर सोडाच, आता श्वास घ्यायलाही सवड राहणार नव्हती. नाथाजी तळावर एका हातानं विडी ओढत बसला होता आणि त्याला हे तिच्या आधी कळलं होतं. तो पहिल्यांदाच हसला.

सकाळी तिनं त्याची काठी उचलली, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि ज्योतिबामागनं निघाली. अकरापर्यंत तिची दमछाक झाली. मेंढरू म्हणजे पुढच्याच्या शेपटीमागं जाणारं. एक उसात शिरलं की वीस शिरणार. ती हाकारून हाकारून घोगरी झाली. आणि मग ऊन माथ्यावर आलं, तसं एक नवल झालं. मेंढरं आपोआप थबकली. एकमेकांकडं सरकली, गोल झाली, आणि प्रत्येकानं दुसऱ्याच्या पोटाखाली मुंडकं घातलं. कळप एका जागी दगडासारखा उभा राहिला.

राहीबाई हाकायला पुढं झाली. ज्योतिबानं तिला थांबवलं. तो बाभळीच्या सावलीत घोंगडं अंथरून कधीच आडवा झाला होता. वैनी आता तुमीबी बसा, म्हणाला.

"आन् मेंढरं?"

"ती कुठं जात्यात? ऊन कलंस्तवर हालत न्हाईत."

राहीबाई काठी धरून उभीच राहिली. मेंढरं झोपेत दम टाकत होती, तेवढाच आवाज.

"भावजी, हे रोज असतं?"

"रोज म्हंजी काय, बापजाद्यापास्नं," ज्योतिबा म्हणाला. "दोन-अडीच तास. मी तर घोरतुया. दादा चिलीम वढतुया, मंग घोरतुया." आणि बोलता बोलता तो घोरायला लागला.

राहीबाई बसली. तेरा वर्षं. तेरा वर्षं ती ह्या वेळेला घोडी उतरवत होती, मेखा ठोकत होती, परमुलखात पाणी हुडकत होती. बूड टेकलं नाही म्हणणाऱ्या माणसाला रात्री पाय चेपून देत होती. तिच्या एका तासापायी पाठीची सालटी निघाली होती, आणि ह्याच्याकडं अडीच होते, शिट्टीवाचून, मागितल्यावाचून, मारावाचून. त्या दुपारी तिला झोप लागली नाही. ती डाव्या हातानं माती उकरत बसली. संध्याकाळी गेल्यावर दुसराही हात मोडायचा, असं तिनं जवळजवळ ठरवलं होतं.

पण संध्याकाळी तिनं नुसत्या भाकरी थापल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी झोपली. तिसऱ्या दिवशीही. आठवड्यानं तिच्या तोंडावरची कळा बदलली. रंगूबाईनं विचारलंसुद्धा, "आक्का, उन्हात फिरून तू उजळलीस कशी गं?"

आणि मग एका सकाळी चारपाच मेंढरं खरोखरच कुणाच्या तरी नव्या लावलेल्या उसात, कोवळ्या लागणीत, घुसली. मालक दोन गड्यांना घेऊन धावत आला. बाई असली तरी धनगराची, त्यानं विचारपूस केली नाही. फावड्याचा दांडा तिच्या डोक्यात बसला. ती पडली, तसा दुसरा कमरेत बसला. तिनं त्यातल्या एकाच्या पोटात काठीचं टोक खुपसलं. तोवर ज्योतिबा आला आणि त्यानंही मार खाल्ला. मालकानं एक मेंढरू तिथंच कुऱ्हाडीनं तोडलं आणि पुन्हा इकडं दिसलात तर माणूस तोडीन म्हणाला. ज्योतिबा रक्त पुसत म्हणाला, ह्या मालकाचं काय घेऊन बसलाय वैनी, वर्षातनं चारदा तरी हे ठरलेलं, दादानं तर दोन बरगड्या ह्याच रानात मोडून घेतल्यात.

बरगड्यांचं राहीबाईला ठाऊक नव्हतं. घोडीवरनं पडलो, असं त्यानं तेव्हा सांगितलं होतं. ज्या आठवड्यात सांगितलं, त्या आठवड्यात त्यानं तिला तिच्या आठवणीतला सगळ्यात वाईट मार दिला होता. कुणाचा मार कुणाच्या पाठीवर उतरतो, ते तिला आता कळलं. कळलं म्हणून काही पाठ दुखायची राहत नाही.

ती तळावर आली तेव्हा कपाळावरनं रक्त ओघळून चोळी भिजली होती. नाथाजी उठला. डाव्या हातानं त्यानं हळद आणली, जखमेत दाबली. ती शहारली. तो बराच वेळ दाबून उभा राहिला, आणि त्याच्या आवाजात थोडा विजय होता.

"आलं ध्येनात, मेंढरामागं काय असतं ते?"

"आलं," राहीबाई म्हणाली. "दुपारचंबी आलं."

नाथाजीचा हात हळदीसकट तिथंच राहिला. ज्योतिबा एकदम घोड्याचं काहीतरी बघायला गेला.

सहा आठवडे संपत आले. तळ दोनदा हलून पुन्हा लालासाहेबाच्याच दुसऱ्या रानात आला होता. प्लॅस्टर निघायच्या आदल्या संध्याकाळी नाथाजीनं सांगितलं, की उद्या हात मोकळा झाला की परवापासनं मी मेंढरामागं, तू तळावर. राहीबाईनं भाकरी थापता थापता सांगितलं, की काठी मिळणार नाही. रोज नको मला, एक दिवसाआड पाहिजे. एक दिवस तुम्ही मेंढरामागं, मी तळावर. एक दिवस मी मेंढरामागं, तुम्ही चुलीपुढं. नाथाजीनं परात लाथाडली. बाप्या चुलीपुढं बसलेला ऐकून म्हसवडच्या जत्रेत लोक तोंडात शेण घालतील म्हणाला. हात मोकळा होऊ दे, मग दाखवतो, असंही म्हणाला.

सकाळी तो लालासाहेबाच्या ट्रॅक्टरवर बसून सांगलीला गेला. राहीबाई काठी घेऊन कळपामागं गेली.

दुपारी नाथाजी परतला. उजवा हात सुटा झालेला, पांढरा, वाळलेल्या शेंगेसारखा बारीक. त्यानं बांधावरची बाभळीची एक ओली फांदी तोडली, काटे न काढता तशीच मुठीत धरली, आणि भर उन्हात दीड कोस चालत रानात गेला. आज काय ते एकदाचं करायचं, हे त्याच्या चालीतच दिसत होतं. रंगूबाई मागनं दूरवर ओरडत राहिली.

तो पोचला तेव्हा कळप उभा होता. दोनशे मेंढरं, मुंडकी खाली. डाव्या अंगाला दहा हातांवर उभा ऊस, उजव्या अंगाला त्याच कुऱ्हाडवाल्या मालकाची कोवळी लागण. ज्योतिबा घोरत होता. राहीबाई बाभळीला टेकून बसली होती. कपाळावर खपली, मांडीवर काठी, डोळे अर्धे मिटलेले. तो समोर येऊन उभा राहिला. फांदी वर गेली.

राहीबाई हलली नाही. उठली नाही, हात आडवा धरला नाही. फक्त अगदी हळू आवाजात म्हणाली, "वराडू नगासा. मेंढरं बिचकतील."

नाथाजीनं कळपाकडं पाहिलं. पंचवीस वर्षांची मेंढरं अंगात होती त्याच्या. झोपलेला कळप बिचकला की कुठं जातो, ते त्याला सांगावं लागत नव्हतं. एका दणक्यात दोनशे मेंढरं लागणीत जातील आणि मालक कुऱ्हाड घेऊन येईल. मारलं तर ही ओरडणार. ही नाही ओरडली तरी पाठीत फांदीचा आवाज होणार. फांदी वरच राहिली.

"ऊठ," तो दातांतल्या दातांत कुजबुजला.

"ऊन कललं की," तीही कुजबुजली.

मग त्या दोघांनी जन्मातलं सगळ्यात मोठं भांडण केलं, आणि ते सगळं कुजबुजत केलं. त्यानं तिच्या माहेराचा उद्धार केला, तिनं त्याच्या बरगड्या काढल्या. त्यानं खडीवरचं पाणी काढलं, तिनं तेरा वर्षांच्या दुपारी काढल्या. शिव्या अशा, की मोठ्यानं दिल्या असत्या तर सांगलीपर्यंत ऐकू गेल्या असत्या. मधेच एक मेंढी हलली, तशी दोघंही एकदम गप झाली, श्वास धरून. ती पुन्हा मुंडकं घालून निजली. मग पुन्हा सुरू. कधीतरी नाथाजीचे पाय भरून आले आणि तो बसला. ह्या वेळेला ह्या सावलीत बसायची त्याच्या अंगाला सवयच होती. फांदी बाजूला पडली.

"लोक काय म्हंतील?" तो कुजबुजला.

"लोकास्नी सांगा, घोडं लाथ मारतं."

त्यानं पडलेल्या फांदीचा एक काटा मोडला. मग कळपाकडं बघतच म्हणाला, "उद्या मी."

"उद्या तुमी. परवा मी."

संध्याकाळी मेंढरं वाघरीत कोंडून झाल्यावर, आवाजाची भीती उरली नाही तेव्हा, नाथाजीनं राहिलेली एक तिच्या कानशिलात ठेवून दिलीच. तिनं ती डाव्या हातानं लगेच परत केली, आणि त्याचा ओठ फुटला. रंगूबाईनं मधे पडायचा विचार केला आणि सोडून दिला. दोघं फुटक्या तोंडानं जेवली.

दुसऱ्या दिवशी नाथाजी मेंढरामागं गेला. तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत राहीबाई उठली, तेव्हा काठी नेहमीच्या जागी तळाच्या तोंडाशी टेकलेली होती, आणि नाथाजी चुलीपाशी बसून एका हातानं धुरानं भरलेले डोळे पुसत, तिच्याकडं न बघता, कालवणाला चटणी किती घालायची म्हणून विचारत होता.